रतनबाईंची दारं

रतनबाई दार कधी अर्धं ठेवत नसत. एक तर भिंतीला पाठ लागेपर्यंत सताड उघडं आणि वर आकडा अडकवलेला, नाहीतर चौकटीत घट्ट बंद. मधलं काही नाही. लोणीच्या बाजूला माळावर जी सरकारी अंधशाळा होती, तिथं त्या चौदा वर्षं सेविका होत्या. त्या चौदा वर्षांत एकाही मुलाच्या कपाळाला दाराची कड लागली नव्हती. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि मी ते लिहून घेतलं नव्हतं.

मी त्या वेळी ओतूरच्या बाहेरच्या मूकबधिर शाळेत क्लार्क होतो. जावक नोंदवही आणि हजेरीपट सोडून आयुष्यात मी काही लिहिलेलं नाही. हेही जमेल असं वाटत नाही. पण रतनबाईंना जाऊन वर्ष झालं आणि त्यांच्याबद्दल कागदावर जे एकच वाक्य आहे ते खोटं आहे. ते माझ्याच अक्षरात आहे, म्हणून बसलोय.

रतनबाई धनगराच्या. जन्म मेंढरांमागं, वाटेतच कुठंतरी झाला, गाव सांगता येत नाही असं म्हणायच्या. "आमच्यात दारंच न्हवती वो भाऊसाहेब. रानात जाळं लावायचं, मेंढरं आत, आमी भाईर. दार म्हंजी काय ते म्या लगीन झाल्यावर बघितलं." त्यांचे मालक म्हस्कू दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे, ते पाऊस तोंडावर आला की वर यायचे. अशाच एका वर्षी घाटात रतनबाईंचा पाय मोडला. तो वाकडाच बसला. कळपामागं चालणं संपलं, म्हणून कोणीतरी ओळखीनं त्यांना अंधशाळेत रोजंदारीवर लावलं. साल ८५.

त्यानंतर पाच वर्षांनी त्यांच्या मुलीला मुलगी झाली, दिशा. तिला जन्मतःच नीट दिसत नव्हतं. भावकीतल्या बायका तोंडावर म्हणाल्या, "आंधळ्यांत ऱ्हायलीस, घरी घिऊन आलीस." पोर चार वर्षांची झाली तशी आईबाप मेंढरांबरोबर आणि नात आजीबरोबर, असं ठरून गेलं. ज्या शाळेची दारं आजी सांभाळत होती, त्याच शाळेत नात दाखल झाली.

दिशाचा उजवा डोळा पूर्ण गेलेला होता. डाव्याला मात्र उजेड कळायचा आणि जवळ धरलं तर रंग कळायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याच्या आतला पडदा फार नाजूक आहे, जपलं तर हे एवढं दिसणं जन्मभर राहील. पण एक दणका बसला तर गेलंच. रतनबाई रोज सकाळी खिडकीशी बसून हात पुढं धरायच्या. "बांगड्या कुठल्या?" पोर नाक लावून बघायची. "हिरव्या." कधी मुद्दाम एक लाल घालायच्या. "एक लबाड हाय त्यात," पोर म्हणायची, आणि दोघी हसायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोन शाळा एक करायची टूम निघाली ती ९८ साली. दोन्हीकडं मुलं थोडी, दोन्ही इमारती जुन्या. आमच्या भागातले जिल्हा परिषदेचे सदस्य हौशीराम तात्या, घरचे मोठे बागायतदार, यांनी ते मनावर घेतलं. ओतूरला मोठं संकुल करायचं, लोणीची शाळा तिथं आणायची. त्यांचं एक भाषण मला पाठ झालं होतं, कारण ते ते सगळीकडं करायचे. "बहिऱ्याला डोळे आहेत, आंधळ्याला कान आहेत. दोघांना एका छपराखाली आणा, माणूस पुरा होतो!" लोक टाळ्या वाजवायचे. एकदा मीही वाजवल्या.

विरोध केला तो लोणीकडच्या मच्छिंद्रनं. हा तिशीतला गडी, जीपवर कर्णा लावून फिरायचा. लोणी आंबेगाव तालुक्यात, ओतूर जुन्नर तालुक्यात. त्याचं म्हणणं, "आंबेगावची शाळा जुन्नरनं पळवली. पाणी तुमी घेतलं, आता पोरं पन घेता का राव?" मग सह्यांची मोहीम, फाट्यावर रस्ता अडवणं, पुण्याला निवेदन. तात्यांची माणसं म्हणायची, मच्छिंद्रला पुढची निवडणूक दिसतेय. मच्छिंद्रची माणसं म्हणायची, तात्यांना इमारतीचं उद्घाटन दिसतंय. दोघंही खरंच बोलत होते. माझ्या माहितीप्रमाणे त्या दीड वर्षात अंधशाळेच्या आत जाऊन बघितलं कोणीच नाही. सभा फाटकाबाहेर व्हायच्या.

एका सभेला रतनबाई फाटकाशी उभ्या होत्या. तात्यांचं 'माणूस पुरा होतो' झाल्यावर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "म्हंजी आत्ता ही पोरं अर्धीच हायती व्हय तात्या?" लोक हसले. तात्याही हसले. "मावशी, तुमची नोकरी जात नाही, घाबरू नका." त्यावर रतनबाई आणखी काही बोलणार होत्या, पण कर्णा सुरू झाला.

विलीनीकरणाचा हुकूम ९९ च्या मे महिन्यात आला. लोणीचं सामान उचलायच्या आधी यादी करायची होती, म्हणून मला पाठवलं. छापील फॉर्म होता. खाटा, गाद्या, बाकं, ब्रेलच्या पाट्या, भांडी. शेवटी शेरा म्हणून एक रकाना. रतनबाई माझ्याबरोबर खोल्याखोल्यांतून लंगडत फिरत होत्या आणि मी पुढं गेलो की मागचं दार आकड्याला अडकवत होत्या.

"भाऊसाहेब, दारं लिवली का?"

"दारं इमारतीची असतात, बाई. ती येणार नाहीत."

"दारं न्हाई वो. दारांची रीत." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आंधळं माणूस भिंतीच्या कडेनं चालतं. उघडं दार भिंतीला चिकटलेलं असलं तर हाताला कळतं, बंद असलं तरी कळतं. अर्धं असलं तर हात त्याच्या अल्याड जातो नाहीतर पल्याड, आणि कड सरळ तोंडावर येते. "तुमच्या शाळंत काय रीत हाय?"

मी सांगितलं की आमच्याकडं उलट आहे. बहिऱ्या माणसाच्या दाराला थाप मारून उपयोग नाही. दार बंद असलं तर आत कोण आहे ते पोरांना कळत नाही, आतल्याला बाहेर कोण आलं ते कळत नाही. सताड उघडं टाकलं तर उघड्यावर बसल्यासारखं होतं. म्हणून आमच्याकडं दार अर्धं ठेवायचं. पोरं डोकावतात, आपण मान हलवतो, मग आत येतात. वीस वर्षं माझं ऑफिस तसंच होतं.

रतनबाईंनी तोंडाला पदर लावला. "मग हे लिवाच. शेऱ्यात लिवा."

मी होय म्हटलं. पण लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, साहेब लोक हसतील. दारं अर्धी, दारं पुरी, हा काय सरकारी शेरा आहे? मी रकान्यात एक आडवी रेघ मारली.

जूनमध्ये मुलं आली. इमारत तीच, आमची. नव्या संकुलाचा पायाही खोदला नव्हता. मुलींच्या वसतिगृहात बारा आंधळ्या आणि सतरा बहिऱ्या. पहिल्या महिन्यात चौघींची कपाळं फुटली. रतनबाईंनी मुख्याध्यापकांच्या मागं लागून सगळ्या दारांना आकडे बसवून घेतले आणि दिवसातून तीन फेऱ्या सुरू केल्या. सकाळी, प्रार्थनेनंतर, जेवणाआधी. त्यांच्या वाकड्या पायाचा आवाज आंधळ्या मुलींना ओळखीचा होता. बहिऱ्या मुली त्यांच्याकडं नुसत्या बघत राहायच्या.

इथं एक सांगायला हवं. आमच्या शाळेत गुरुजींना हातांनी बोलणं मंजूर नव्हतं. ओठ बघून ओळखा आणि तोंडानं बोला, हेच शिक्षण. मुलं वर्गात ओठ बघायची आणि वर्गाबाहेर हातांनी बोलायची. मी वसतिगृहाच्याच खोलीत एकटा राहायचो. वीस वर्षांत मला त्यांचे हात कळायला लागले होते. कोणी पालक आले, डॉक्टर आले, तर मुलं काय म्हणतात ते मलाच विचारायचे. शाळेतल्या प्रत्येक माणसाला मुलांनी हातांचं एक नाव दिलेलं असतं. माझ्या कानामागं पेन्सिल असायची, म्हणून माझं नाव कानामागं दोन बोटं.

रतनबाईंनी महिनाभरात स्वतःच हात शिकून घेतले. निरक्षर बाई, पण बोटं चपळ. त्यांनी बहिऱ्या मुलींना एकेक करून दाराशी नेलं, डोळे मिटायला लावले आणि चालायला सांगितलं. कड नाकाला लागली की मुली डोळे उघडायच्या. मग त्या उभा तळहात तोंडासमोर धरायच्या, कड पुढं करून. हे अर्धं दार. आणि नाही नाही म्हणून मान हलवायच्या. मुलींनी त्यांचं नाव ठेवलं दोन्ही हात पसरून मग टाळी. उघडं, बंद.

अश्विनी म्हणून बारा वर्षांची बहिरी मुलगी होती, ओतूरचीच. तिची आणि दिशाची गट्टी जमली. अश्विनी दिशाच्या तळहातावर, बोटांवर बोलायची, दिशा हात चाचपून ओळखायची. अश्विनी तर रतनबाईंपेक्षा कडक झाली. कोणाचं दार अर्धं दिसलं की पळत जाऊन आकडा लावायची आणि त्या मुलीच्या पाठीत धपाटा घालायची. दिवाळीपर्यंत बहिऱ्या मुलींनी अर्धं दार सोडणं बंद केलं होतं. सगळ्या शिकल्या.

मी शिकलो नाही. मला तसं वाटलंच नाही की ते माझ्यासाठी आहे. रतनबाई फेरीला आल्या की माझं दार भिंतीला लावून जायच्या. "भाऊसाहेब, तुमी तरी." मी म्हणायचो, "हो हो." त्या गेल्या की टेबलावर ऊन यायचं, कागद उडायचे, मी दार ओढून घ्यायचो. अर्धं.

२००० सालच्या फेब्रुवारीत हौशीराम तात्या पाहुणे घेऊन यायचे होते. एकत्र शाळा कशी छान चालली आहे ते दाखवायला. हार द्यायला दिशाला निवडलं, कारण ती चालायला धीट होती. पिवळ्याजर्द झेंडूचा हार. तो रंग तिला दिसायचा, म्हणून ती खूश होती. प्रार्थनेनंतरची रतनबाईंची फेरी झाली. माझं दार त्यांनी स्वतः आकड्याला लावलं. मग गाड्या आल्याचा आवाज झाला आणि मी उठलो. उठताना दार आकड्यातून काढलं आणि ओढलं. का, ते सांगता येत नाही. मी लगेच परत येणार होतो, पोरांना कळावं भाऊसाहेब आहेत, एवढंच. वीस वर्षं हात तेच करत आला होता.

आमच्या ऑफिसचं दार व्हरांड्यात बाहेर उघडायचं. दिशा व्हरांड्यातून भिंतीच्या कडेनं आली. एरवी तिचा एक हात भिंतीला आणि एक पुढं असायचा. त्या दिवशी दोन्ही हातांत हार होता.

आवाज मोठा झाला नाही. पाटी खाली पडावी एवढाच. मी पायऱ्यांवर होतो. वळून बघितलं तर ती उभीच होती, हार तसाच धरून. ती रडली नाही. अंगणाच्या पलीकडं अश्विनी उभी होती. ती दिशाकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. पडदा सुटला म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी पट्टी काढली तेव्हा मी तिथं होतो. रतनबाईंनी खिडकीशी हात धरला. "बांगड्या कुठल्या?" पोर नाक लावून बघत राहिली. खूप वेळ. मग म्हणाली, "आजी, तू बांगड्या काढून ठिवल्यात का?"

मनगटावर बांगड्या होत्या.

त्यानंतर दोन्ही पुढाऱ्यांना रतनबाई हव्या झाल्या. मच्छिंद्र जीप घेऊन आला. "आत्याबाई, तुमी फक्त सांगा, शाळा हलवली म्हनून झालं. आपुन मोर्चा काढू, नातीला पुढं बसवू. सरकार हलंल." रतनबाई म्हणाल्या, "माझ्या नातीचा डोळा म्हंजी काय तुझा झेंडा हाय का रं?" तो निघून गेला, पण वर्तमानपत्रात बातमी आलीच. त्यावर तात्यांनी सांगितलं की शाळा एक करण्यात दोष नाही, दोष एका कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाचा आहे, चौकशी करा. कोणाची ते त्यांना माहीत नव्हतं. कोणाची तरी.

चौकशीला पुण्याहून साहेब आले. मार्च महिना. मुख्याध्यापकांच्या खोलीत साहेब, मुख्याध्यापक, रतनबाई आणि मी. जबाब लिहून घेणारा मीच. साहेबांनी रतनबाईंना विचारलं, "दारं बघायचं काम तुमचं?"

"व्हय."

"ते दार बघितलं होतं?"

"आकडा लावला व्हता. पुरतं."

"मग अर्धं कुणी केलं?"

साहेबांना कोणीतरी सांगितलं होतं की एक मुलगी समोर उभी होती, म्हणून अश्विनीला बोलावलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आमचे भाऊसाहेब हातांचं जाणतात. ते सांगतील."

अश्विनीनं माझ्याकडं बघत उजवा तळहात तोंडासमोर उभा धरला, कड पुढं. अर्धं दार. मग दोन बोटं उजव्या कानामागं नेली. मी.

मला कळलं नसेल असं वाटून तिनं ते पुन्हा केलं. सावकाश. दार. पेन्सिल.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

माझी नोकरी सहा वर्षं राहिली होती. पण तेव्हा मनात तसा हिशेब आला असं म्हणणंही खरं नाही. मनात काहीच आलं नाही. तोंडातून आलं, "ती म्हणते, तिनं पाहिलं नाही."

मी एक विसरलो होतो. गुरुजींनी तिला सात वर्षं ओठ वाचायला शिकवलं होतं. 'पाहिलं नाही' हे शब्द तिनं माझ्या ओठांवर वाचले. तिचे हात तसेच हवेत राहिले. मग तिनं ते खाली घेतले आणि पाठीमागं धरले.

मी रतनबाईंकडं बघितलं नाही, पण त्यांनी बघितलेलं मला कळलं. त्यांना हात वाचता येत होते. एवढंसं बोलल्या असत्या तर झालं असतं. त्या म्हणाल्या, "साहेब, दारांचं काम माझं व्हतं. दार अर्धं ऱ्हायलं. लिवा तसं."

मी लिहिलं. 'सदर दार माझ्या दुर्लक्षामुळे अर्धवट उघडे राहिले.' त्यांनी अंगठा दिला. शाई मीच लावली.

रोजंदारीवरच होत्या, काढायला आठ दिवसही लागले नाहीत. त्या दिशाला घेऊन निघाल्या तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. काय बोलायचं होतं कोण जाणे. ट्रंक माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली. त्या दिशाला थोडं पुढं उभी करून माघारी आल्या.

"भाऊसाहेब, मला तुमची दया आली असं समजू नगा. न्हाई आली."

त्यांनी ट्रंकेची कडी नीट बसवली.

"तुमाला काढलं असतं तर ह्या पोरींचं बोलनं कुनाला कळलं असतं? गुरुजींना तर येत न्हाई. सतरा जनी मुक्या झाल्या असत्या. म्हनून गप बसले." आणि मग म्हणाल्या, "आता तरी त्यांचं खरं बोला."

एवढंच. ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली आणि लंगडत गेल्या. जाताना फाटक त्यांनी पुरतं लावलं.

त्यानंतर मी सहा वर्षं तिथं काढली. मुलींचं एक अक्षरही मी कधी बदलून सांगितलं नाही. पण अश्विनी माझ्याशी हातांनी पुन्हा बोलली नाही. काही हवं असेल तर पाटीवर लिहायची, पाटी टेबलावर ठेवायची आणि दुसरीकडं बघत उभी राहायची.

आणखी एक झालं. कधी झालं ते मला कळलं नाही. एक दिवस व्हरांड्यातून जाताना दोन मुली माझ्याबद्दल बोलताना दिसल्या. माझं नाव घेताना त्यांनी कानामागं बोटं नेली नाहीत. उभा तळहात तोंडासमोर धरला. नंतर लक्षात आलं की सगळ्यांनीच ते बदललं होतं, मुलांनीही. पुढच्या जूनला नवीन मुलं आली, त्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पहिल्याच आठवड्यात माझं नाव शिकली. सहासात वर्षांची पोरं हसत हसत तळहात उभा धरून मला हाक मारायची. "भाऊसाहेब." अर्धं दार.

मी माझं दार आकड्याला लावून बसायला लागलो. पोरं डोकावायची थांबली. दिवसातून किती वेळा उठून बघायचो की आकडा आहे ना. खोलीवर गेलो तरी तेच. पाहुण्यांकडं गेलो तरी तेच. दुपारी डोळा लागला की लंगडत्या पायाचा आवाज येतो आणि मी उठून दाराशी जातो. अजून जातो.

२००४ ला वारं फिरलं. मच्छिंद्र निवडून आला आणि त्यानं सभेत दिलेला शब्द पाळला, आंधळी मुलं परत लोणीला न्यायचं ठरलं. संकुल झालंच नव्हतं. पुन्हा तोच छापील फॉर्म, पुन्हा मीच. या वेळी शेऱ्याच्या रकान्यात मी दारांबद्दल सगळं लिहिलं, रकाना पुरला नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. आठ दिवसांनी कागद परत आला. लाल पेन्सिलीनं शेरा खोडला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'अनावश्यक'.

निवृत्त झाल्यावर मी ओतूरलाच खोली घेतली. रतनबाईंकडं जायचं मनात रोज यायचं. २००८ च्या दिवाळीआधी बाजारात म्हस्कू दिसले. घोंगडी घेऊन बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "ती गेली की वो भाद्रपदात. तापाचं निमित्त." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमी शाळंतलं भाऊसाहेब न्हवं का? तुमचं नाव काढायची." कसं काढायच्या ते विचारायचं धाडस मला झालं नाही. दिशा येडगावला फाट्यावर टेलिफोनचं बूथ चालवते, एवढं कळलं.

आठ दिवस गेले आणि मी एसटीत बसलो. फाट्यावर चहाच्या टपरीशेजारी पत्र्याची खोली, तिला पत्र्याचंच दार. ते भिंतीला टेकवून दगड लावलेला. आत अठरा वर्षांची मुलगी, अंगावर हिरवा पंजाबी ड्रेस, समोर पिवळा फोन. मी फोन करायला आल्यासारखा उभा राहिलो. नंबर कोणाचा फिरवायचा ते सुचेना. मला खोकला आला.

"भाऊसाहेब ना?" ती म्हणाली. "खोकला अजून तोच आहे. बसा, स्टूल आहे डावीकडं."

वाऱ्यानं धूळ येत होती. मी दगड सरकवून दार लावून घेतलं, नीट, आणि बसलो. ती आजीबद्दल बोलली. शेवटपर्यंत चालती होती म्हणाली. शेजारणींची दारं लावत फिरायची म्हणून त्या चिडायच्या. "एकीनं तर विचारलं, म्हातारे, तू दरवाजाची ठेकेदार हाय का?" दिशा हसली. मीही हसलो.

मग ती म्हणाली, "भाऊसाहेब, एक विचारू? आजी नेहमी म्हणायची, ते दार माझ्याच हातनं राहिलं. मला कधी पटलं नाही. तिच्या हातनं दार अर्धं राहीलच कसं? त्या दिवशी अश्विनी समोर होती. साहेबांना तिचं बोलणं तुम्हीच सांगितलंत. ती काय म्हणाली होती?"

बाहेर टपरीवर रेडिओ चालू होता. मी तोंड उघडलं. आठ वर्षांपूर्वी उघडलं तसंच उघडलं, आणि मला भीती वाटली की आतून तेच वाक्य येईल. म्हणून मी तोंड मिटलं.

मी तिचा उजवा हात हातात घेतला. तिनं घेऊ दिला. अश्विनी तिच्याशी बोलायची तसा मी माझा तळहात उभा केला आणि तिची बोटं त्याच्या कडेवरून फिरवली. तिला कळलं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग मी तिची दोन बोटं धरून माझ्या कानामागं नेली. पेन्सिल मी अजून तिथंच ठेवतो. तिची बोटं पेन्सिलीला लागली.

ती बोटं तिथंच राहिली. मग तिनं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. एक हात दुसऱ्यात.

ती बोलेल असं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला आणि तिनं तो उचलला, कोणाला तरी ओतूरच्या गाडीची वेळ सांगितली, अगदी नेहमीच्या आवाजात. मी उठलो आणि बाहेर आलो.

फाट्यावर एसटी यायला वेळ होता. उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की बाहेर येताना मी दाराचं काय केलं ते मला आठवत नाही. खरंच आठवत नव्हतं. लावलं की तसंच सोडलं? गाडी आली, कंडक्टरनं विचारलं, "येताय का बाबा?" मी नाही म्हणालो आणि परत चालत गेलो.

दार बंद होतं. चौकटीत घट्ट, कडीपर्यंत. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. मी लावलं होतं की माझ्यामागं तिनं लावून घेतलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता. मी हात वर केला, थाप मारावी म्हणून, आणि तो तसाच खाली घेतला.